बेलामीत ओ देऊ नये

डॉर्कस हॅलम फार कमी बोलायची, कारण तिच्या तोंडात सदैव टाचण्या असायच्या. अपर फोर्कच्या ऑपेरा हाउसात मी राण्या, विधवा आणि भाच्यांना विष पाजणाऱ्या मावश्या करत होते, तेव्हापासून माझा प्रत्येक झगा तिनं शिवला. मला ती आठवते ती माझ्या पायांशी गुडघ्यांवर बसलेली, हातात खडू, आणि एक डोळा बारीक केलेला. प्रयोग संपला की टाळ्या मला मिळायच्या आणि घामेजलेले कपडे तिला. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. "राणीसाहेब, हात वर," एवढंच म्हणायची. माझं नाव ऑगस्टा, जवळची माणसं गस्टी म्हणतात. डॉर्कसला चिडवायचं असलं की राणीसाहेब.

ती मूळची सपाट मुलखातली. तिकडे गव्हाच्या शेतांपलीकडे नजरेला काही अडत नाही. एमेट हॅलमनं तिला लग्न करून या खोऱ्यात आणलं. एमेट जंगलातल्या वाटा मोकळ्या ठेवायचा आणि माणसांपेक्षा आपल्या खेचरांशी जास्त बोलायचा. दोघं कॉर्बिन ओढ्याच्या वर, देवदारांत, स्वतः बांधलेल्या लाकडी घरात राहायची. मूलबाळ नाही. डॉर्कस दररोज जुन्या ट्रकमधून खाली यायची, शिवायची, आणि अंधार पडायच्या आत वर जायची. ऑपेरा हाउस बंद झालं तेव्हा मी आठवडाभर रडले. डॉर्कसनं सगळे पोशाख धुऊन, इस्त्री करून, कापूर घालून पेट्यांत भरले आणि म्हणाली, "बरं झालं, पाठ दुखत होती."

एमेट गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात घसरून पडली. घोटा मोडला. चूल विझली. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर रेडिएटरसाठी पाणी मागायला आत आला, म्हणून ती वाचली. दवाखान्यात मी तिच्यावर ओरडले, तर ती छताकडे बघत म्हणाली, "पडले त्याचं काही नाही गं. तिथं जमिनीवर पडल्या पडल्या मी आठवत होते, मी दिसले नाही तर कुणाच्या लक्षात येईल. तुझ्याशिवाय एक नाव सुचेना. आणि तू तेव्हा दात बसवायला शहरात गेली होतीस."

पुढच्या शरद ऋतूत सडकवाल्यांनी कळवलं की ओढ्याच्या वरचा रस्ता यापुढे हिवाळ्यात साफ होणार नाही. म्हणजे पहिला मोठा बर्फ पडायच्या आत डॉर्कसला खाली यायलाच हवं होतं. प्रश्न एवढाच होता, कुठल्या गावात.

खोऱ्यात गावं तीन. सगळ्यात वर आमचं अपर फोर्क, सगळ्यात खाली लाकडाच्या गिरणीचं मिलगेट, आणि दोन्हींच्या मध्ये, नदी जिथे कड्याला चिकटून वळते तिथे, बेलामी. आणि आमच्याकडे घर असं नुसतं बघून घेत नाहीत. घर बसून बघतात. विकणारा एक दिवस घर सोडून जातो. जाताना चूल पेटवतो, चुलीवर सुपाचं भांडं ठेवतो. घेणाऱ्यानं उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायचं. सोबतीला एक माणूस असलेलं चालतं. दिवस संपला की हो किंवा नाही म्हणायचं. नाही का, ते कुणी विचारायचं नाही. आणि हे सगळं नोव्हेंबर लागल्यावर. जूनमध्ये घर बघणाऱ्या माणसाला आमच्याकडे वेडा समजतात. जूनमध्ये कुठलंही घर हसतं.

आधी आम्ही अपर फोर्कमध्ये बसलो. माझ्याच गल्लीतलं घर, उंबऱ्यापर्यंत ऊन. मला वाटत होतं, झालं, आता उरलेलं आयुष्य आम्ही दोघी एकमेकींना शिव्या देत काढू. डॉर्कस खिडकीपाशी बसून समोरच्या घरांकडे बघत राहिली. मोठमोठी, काचांची, नवी घरं. दिवसभरात एक माणूस दिसला, तो रिकाम्या घरांतले पाण्याचे नळ गोठले नाहीत ना हे तपासणारा.

"ही माणसं कुठं असतात?" तिनं विचारलं.

"शहरात. नाताळात येतात, बर्फावर घसरायला."

"आणि एरवी?"

"एरवी मी असते."

"गस्टी, हे गाव नाही. हा सेट आहे. मागून बघितलं तर नुसते टेकू असतील."

मला त्या घरांच्या मागे काय आहे हे ठाऊक होतं आणि तिचं चूक नव्हतं.

मिलगेटला ती लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसली. खालून लाकडाचे ट्रक जायचे आणि कपाटातल्या बश्या थरथरायच्या. जिन्यात शेजारी भेटला. डॉर्कसनं नमस्कार केला तर त्यानं आधी मागे वळून बघितलं, आपल्यालाच केला का म्हणून, आणि दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे दिवसभर टीव्ही चालू होता. दुपारी डॉर्कस म्हणाली, "इथं मी मेले तर वासानंच कळेल."

"तेही उन्हाळ्यात," मी म्हटलं.

"सूप मात्र चांगलंय."

राहिलं बेलामी.

बेलामीबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. नोव्हेंबरात एके दिवशी सूर्य त्यांच्या कड्यामागे उतरतो, तो फेब्रुवारीपर्यंत गावात येत नाही. आकाश निळं असतं, समोरच्या डोंगरावर लख्ख ऊन असतं, आणि गाव मात्र भर दुपारी सावलीत, भांड्याखाली झाकून ठेवल्यासारखं. त्या दिवसांत प्रत्येक घराच्या खिडकीत दिवा ठेवतात आणि माणसांना घराच्या नावानं हाक मारतात. पास्कोच्या घरात राहतो तो पास्को, गॅफनीच्या घरातली ती गॅफनी, मग जन्माचं नाव काही असो. खाणीच्या काळात माणसं इतक्या भराभर मरायची आणि नवी यायची, की शेजाऱ्यांनी नावं पाठ करणं सोडून दिलं, असं म्हणतात. ऊन परत आलं की ज्याचं नाव त्याला.

आणि एक गोष्ट खोऱ्यात लहान पोरालाही ठाऊक असते. बेलामीत घर बसून बघताना त्या घराच्या नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही. ओ दिली म्हणजे घर घेतलं. तिथे हो-नाही तोंडानं विचारतच नाहीत.

जाताना ट्रकमध्ये मी डॉर्कसला म्हटलं, "लक्षात आहे ना?"

"चाळीस वर्षं इथं राहतेय मी, राणीसाहेब."

"नाही, कुणाच्याही हातून काही पडलं तरी तू आधी सॉरी म्हणतेस. म्हणून म्हटलं."

बेलामीत शिरलो तेव्हा सकाळ चांगली वर आली होती, पण प्रत्येक खिडकीत दिवा होता. रंगमंचावर आयुष्य गेल्यामुळे मला दिव्यांची भीती वाटत नाही. पण हे दिवे बघून मला आपण प्रयोगाला उशिरा आलोय आणि सगळे आपापल्या जागी उभे आहेत, असं काहीतरी वाटलं.

आम्ही बघायला आलो ते टिअर्नीचं घर तेवढं रिकामं, बिनदिव्याचं; त्याच्या दारात पास्को उभा होता. पास्को म्हणजे आमचा लेन. ऑपेरा हाउसात रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसून ट्रॉम्बोन वाजवायचा तो. उन्हाळ्यात माझ्या व्हरांड्यात येऊन बीअर पितो आणि जुन्या नटांच्या नकला करतो.

"काय लेन, वाळलास की रे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. ओळख नाही असं नव्हे, पण बंद दुकानातला माणूस काचेतून गिऱ्हाइकाकडे बघतो तसं. "पास्को," तो म्हणाला. "चुलीवर वाटाण्याचं सूप आहे. लाकडं मागच्या दाराशी. दिवेलागणीला येतो."

तो पायऱ्या उतरला आणि मला दिसलं की तो डाव्या पायानं लंगडतोय. जूनमध्ये हाच माणूस माझ्या छपरावर चढून पन्हळ दुरुस्त करत होता. मी पुष्कळ खोटी लंगडी माणसं पाहिली आहेत, काही स्वतः केली आहेत. खोटा लंगडा पायरीवर विसरतो. लेन विसरला नाही.

घर छान होतं, हे मला कबूल करायला हवं. ऊबदार, लहान, काळ्या लोखंडी चुलीचं. स्वयंपाकघरात एकच खुर्ची वापरातली, तिची बैठक मधोमध खोलगट झालेली. डॉर्कस तिच्यात बसली आणि लगेच उठली. मग पुन्हा बसली. "कुणाची तरी मांडी आहे खाली," ती म्हणाली, आणि हसली.

दाराच्या खुंटीवर घरात घालायचा एक निळा झगा लटकत होता. डॉर्कसचा हात तिकडे गेला नसता तरच नवल. तिनं तो उलटा केला आणि शिवणीवर बोट फिरवू लागली.

"गस्टी, इकडे ये. बघ. इथं आत घेतलाय. मग उसवून बाहेर काढलाय. पुन्हा आत. धागा बघ, हा रेशमी, हा मेणाचा, हा तर मासे पकडायचा. किती जणींनी आपल्या मापाचा केलाय हा."

"धुतलाय तरी का?"

"धुतलाय. इस्त्रीही आहे." तिनं तो परत खुंटीवर ठेवला. ठेवताना त्याची बाही सरळ केली, जशी ती माझ्या बाह्या सरळ करायची.

दुपार झाली. म्हणजे समोरच्या डोंगरावर दुपार झाली. आमच्याकडे सकाळपासून तसंच राखाडी होतं. आम्ही सूप वाढून घेतलं होतं. डॉर्कस मिरी शोधत होती. एवढ्यात उजव्या खिडकीबाहेरून एका बाईचा मोठा, मोकळा आवाज आला, "टिअर्नीबाई, दूध ठेवलंय हो पायरीवर."

"बरं, ठेवा," डॉर्कस म्हणाली.

इतकं साधं. दूध ठेवलंय म्हटल्यावर माणूस दुसरं काय म्हणेल. तिच्या हातात मिरीची डबी होती आणि तोंड अजून अर्धं उघडं होतं. बाहेर पावलं थांबली. मग घाईघाईनं रस्त्यानं गेली.

"मी बोलले का?" डॉर्कसनं विचारलं.

"बोललीस."

"मिरी कुठं ठेवलीय ते मला माहीत होतं, त्या नादात बोलले." आणि मग तिचं स्वतःचंच वाक्य तिला ऐकू आलं असावं, कारण ती हळूच खुर्चीत बसली.

लेन लंगडत आला तेव्हा त्याच्यामागे पाच-सात जण होते, हातात दिवा घेऊन. त्यांनी तो दिवा खिडकीत ठेवला. कुणी वाईट वागलं नाही. एका म्हाताऱ्यानं डॉर्कसच्या खांद्यावर हात ठेवला. नाटक संपल्यावर विंगेत ठेवतात तसा.

"हे बघ लेन," मी म्हटलं, "चूक झाली. दुधाला ओ दिली तिनं, घराला नाही."

तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"पास्को," मी दात आवळून म्हटलं.

"बोला," तो लगेच म्हणाला. "चूक होऊ शकते. झालीही आहे आधी. उद्या पुन्हा बसायचं. सगळं गाव एकेक करून हाक मारून जाईल. दिवेलागणीपर्यंत एकालाही ओ दिली नाही तर दिवा आम्ही परत नेऊ. दिली, तर दिली."

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्ही दोघी गाढ झोपलो, मला त्याचाच राग येतो.

सकाळी डॉर्कसनं खुर्ची भिंतीकडे वळवली, हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाली, "तू बोलत राहा गस्टी. काहीही बोल. विषवाली मावशी कर." मी ती केली. भाचा, भाच्याची बायको, सगळे एकटीनं केले. पहिली हाक आली तेव्हा मी तिसऱ्या अंकात होते.

"टिअर्नीबाई, तुमची ती मुरंब्याची बरणी परत आणलीय." उजव्या खिडकीत, खणखणीत आवाजात. डॉर्कस हलली नाही. पावलं थोडा वेळ थांबली आणि गेली.

मग दुसरी. "टिअर्नीबाई, रविवारी चर्चमध्ये पेटीवर तुम्ही बसणार की मी सांगू दुसऱ्या कुणाला?"

मग एक पुरुष, जरा रागावलेला. "टिअर्नीबाई, तुमचं मांजर पुन्हा माझ्या तळघरात आहे. सांगून ठेवतो."

डॉर्कसचे खांदे हलले. ती हसत होती. मलाही हसू आलं. कारण ही माणसं वाईट नट नव्हती. खरं सांगायचं तर ती नटच नव्हती. वाक्य म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात कुठेतरी समोरचा ऐकतोय याची जाणीव असते. या आवाजांत ती नव्हती. ते एका अशा बाईशी बोलत होते जी रोज तिथे असते.

"सगळे उजव्याच खिडकीशी का येतात?" मी डॉर्कसला विचारलं. "आणि ओरडतात कशाला एवढे?"

"तिला डाव्या कानानं कमी येतं," डॉर्कस म्हणाली.

"कुणाला?"

मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. मी पुन्हा विचारलं, कुणाला, आणि तिनं मानही वळवली नाही. गर्दीच्या प्रयोगात, ढोल वाजत असताना, माझ्या झग्याचा टाका सुटलेला ऐकू यायचा हिला. मी वळसा घालून उजवीकडे गेले. तेव्हा तिनं वर बघितलं. "काही म्हणालीस?"

मला तेव्हा तिला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं, आणि मी धरलंही. "चल. नकोच हे. माझ्याकडे राहा. माझ्या घरात, मागच्या खोलीत. मी सांगते म्हणून."

"तू उन्हाळ्यात बहिणीकडे जातेस," ती म्हणाली. "वसंतात दौऱ्यावर जातेस, भाषणं करायला. जायलाच हवं तुला. तुला लोक लागतात, राणीसाहेब, त्यात वाईट काही नाही. दिवेलागणीपर्यंत थांबू. नियम आहे तो पाळू."

थंडी वाढली तेव्हा तिनं खुंटीवरचा निळा झगा काढून अंगावर चढवला. मी बघत होते. इतकी वर्षं मी तिला कपड्यांच्या खांद्याशी, कमरेशी, बगलेशी चिमटीनं माप बघताना पाहिलंय. तिनं माप बघितलं नाही. गुंड्या लावल्या आणि झगा तिला असा बसला, जसा तिनं माझ्यासाठी शिवलेला कुठलाच मला बसला नव्हता.

हाका येत राहिल्या. एका बाईनं कुठल्याशा जुन्या भांडणाबद्दल माफी मागितली, तीही रडत रडत, आणि डॉर्कसनं ओठ असे मिटून घेतले की ते पांढरे पडले. एकानं नुसतं, "टिअर्नीबाई, ऊन कुठवर आलंय बघितलंत का डोंगरावर?" असं विचारलं. शेवटी समोरचा डोंगरही विझू लागला. लेन फाटकाशी येऊन उभा राहिला. आता थोडाच वेळ उरला होता. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तेव्हा गॅफनी आली. ही आदल्या दिवशीची दूधवाली, म्हातारी, डोक्याला लोकरी रुमाल. ती खिडकीशी आली नाही, रस्त्यातच उभी राहिली.

"टिअर्नीबाई," ती म्हणाली, फारशी मोठ्यानं नाही. "काम काही नाही. तुमचा धूर आज सकाळपासून बारीक दिसतोय, म्हणून आले. बऱ्या आहात ना?"

डॉर्कसनं माझ्याकडे बघितलं. पूर्ण शुद्धीत, माझ्या डॉर्कसनं. तिच्या डोळ्यांत भुरळ वगैरे काही नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मी मान हलवली, नको म्हणून. बाहेर गॅफनी थांबली होती. तिला घाई नव्हती. ती उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभी राहिली असती, रात्रभरसुद्धा, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"आहे हो," डॉर्कस म्हणाली. "बरी आहे मी. लाकूड ओलं लागलं."

"सुकं पाठवते," गॅफनी म्हणाली आणि निघून गेली.

लेननं फाटक लावून घेतलं, बाहेरच्या बाजूनं, हळूच.

कॉर्बिन ओढ्यावरचं सामान मीच उतरवून आणलं. एमेटचा फोटो, शिवणयंत्र, भांडी. डॉर्कसनं फोटो कपाटाच्या आत ठेवला. "टिअर्नीच्या नवऱ्याचा आधीच आहे भिंतीवर," ती म्हणाली, जणू भिंतीला खिळा ठोकायला जागा नाही एवढीच अडचण होती. हिवाळाभर मी अधूनमधून गेले. ती मजेत होती. वजन वाढलं होतं. तिच्या पायरीवर नेहमी काहीतरी ठेवलेलं असायचं, लोणी, अंडी, हरणाच्या मांसाचं सॉसेज. सकाळी धूर निघायला जरा उशीर झाला की कुणीतरी विचारून जायचं. पेटीही वाजवायची ती रविवारी. पेटी ती कधी शिकली, हे मी विचारलं नाही. मला वाटायचं, हरकत नाही, भूमिका आहे. मीही राणी व्हायचे. रात्री मुकुट पेटीत जायचा आणि मी सूप पिऊन झोपायचे. फेब्रुवारी येईलच.

फेब्रुवारीत ऊन परत येतं त्या दिवशी बेलामी सगळं रस्त्यावर येतं. कड्याच्या खाचेतून उन्हाची एक पट्टी बर्फावरून सरकत गावात शिरते. ती ज्याच्या तोंडावर पडते तो आपलं खरं नाव मोठ्यानं म्हणतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि पुढच्याची पाळी येते. मी त्या दिवशी मुद्दाम लाल कोट घालून गेले होते. ऊन लेनच्या तोंडावर आलं. "लेनर्ड बोग्स," तो ओरडला, मला बघून डोळा मारला, आणि दोन ढांगांत येऊन त्यानं मला उचललंच. लंगडणं संपलेलं. "गस्टी, म्हातारे, बीअर आणलीस का?"

गॅफनीच्या तोंडावर ऊन आलं. तिचं नाव इडा निघालं, इडा व्हॅनिस. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग ते डॉर्कसवर आलं. निळ्या झग्यावरून वर चढलं, हनुवटीवर, डोळ्यांवर. तिनं डोळे मिटले. सगळे वाट बघत होते, हसऱ्या चेहऱ्यांनी. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन हळूच म्हटलं, "डॉर्कस."

"माहीत आहे गं," ती पुटपुटली. "पण डॉर्कसला कोण ओळखतं इथं? उद्यापासून इडा माझा धूर बघेल का?"

"बघेल. विचार तिला."

"आणि नाही बघितला तर?"

तिनं डोळे उघडले, समोर बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "टिअर्नी."

टाळ्या झाल्या नाहीत. इडा व्हॅनिसनं माझ्या लाल कोटाकडे बघितलं, मग जमिनीकडे. लेनचा माझ्या खांद्यावरचा हात गळून पडला. त्यांच्या गावात असं कधी कुणी म्हटलं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडांवर दिसलं, आणि आता काय करायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मग ऊन तिच्यावरून पुढे सरकलं आणि पुढच्या माणसानं घाईघाईनं आपलं नाव सांगितलं.

जूनमध्ये मी बहिणीकडे जायच्या आधी बेलामीत गेले. सगळीकडे गवत, फुलं, मुलं नदीत. लेनच्या घरावर रंग चालला होता. सगळ्या खिडक्यांतले दिवे काढलेले, पडदे उघडे. टिअर्नीच्या खिडकीत मात्र दिवा होता, भर उन्हात, जळत असलेला. पायरीवर दूध होतं. इडा अजून ठेवते, लेननं मला सांगितलं. उन्हाळ्यातसुद्धा सगळे ठेवतात, विचारतात, हाक मारतात. आता थांबवायचं कसं, ते कुणाला कळत नाही. "आणि ती खूश आहे गं," तो म्हणाला. "तेच तर."

मी डाव्या बाजूनं गेले आणि मुद्दाम म्हटलं, "डॉर्कस." मग जरा मोठ्यानं. आत कुणीतरी गुणगुणत भांडी विसळत होतं. माझ्या हातात रुबार्ब भरून भाजलेली गोड पाई होती आणि ती गार होत चालली होती. मग मी घराला वळसा घालून उजव्या खिडकीशी गेले.

"टिअर्नीबाई."

"ओ," आतून लगेच आवाज आला, आणि निळा झगा दारात आला, हात पुसत. तिचा चेहरा उन्हात इतका आनंदी होता की क्षणभर मला हेवा वाटला.

"या ना," ती म्हणाली. "बाहेर का उभ्या? तुम्ही अपर फोर्कच्या ना? तिथल्या नाटकात होतात म्हणे. या, बसा, सूप आहे."